मोटेचा नाडा आणि चढाईचा दोर

एका मोठ्या दालनात दहा-बारा मीटर उंचीची एक भिंत उभी आहे. तिच्यावर लाल, पिवळे, निळे असे शेकडो उंचवटे बसवलेले आहेत. कोणी मुठीत मावेल एवढा, कोणी चतकोर भाकरीएवढा, तर कोणावर जेमतेम दोन बोटांची पेरे टेकावीत. एक मुलगी कमरेला आणि मांड्यांना पट्टे बांधून, दोराच्या आधाराने, या उंचवट्यांना धरून वर चालली आहे. खाली तिची मैत्रीण दोराचे दुसरे टोक सांभाळत उभी आहे. हा आहे छपराखालचा प्रस्तरारोहणाचा खेळ.

हा खेळ आता नवलाईचा राहिलेला नाही. डोंगर नसलेल्या गावातील लोकांनाही सराव करता यावा म्हणून इंग्लंडमधील लीड्स विद्यापीठात १९६४ साली डॉन रॉबिन्सन नावाच्या शारीरिक शिक्षणाच्या अध्यापकाने एका बोळाच्या भिंतीत दगडाचे तुकडे बसवले आणि अशा भिंतींची प्रथा वाढीस लागली. आपल्याकडे २०१६ आणि २०१७ साली नवी मुंबई येथे या खेळातील विश्वचषक मालिकेची एकेक फेरी भरली होती. जगातील नामवंत चढाईपटू त्यासाठी वाशीला आले होते. टोकियो येथे २०२१ साली झालेल्या ऑलिंपिकपासून तर हा खेळ ऑलिंपिकमध्येही आला.

विद्यार्थी मित्रहो, समजा आटपाडीच्या शाळेतील तुमच्यापैकी कोणी शिबिराच्या निमित्ताने पुण्या-मुंबईला गेला आणि अशा भिंतीसमोर प्रथमच उभा राहिला, तर त्याला काय दिसेल? पहिल्या नजरेला सारेच परके वाटेल. परंतु थोडे बारकाईने पाहिले तर त्या दोराच्या, पट्ट्यांच्या आणि कड्यांच्या मागे असलेले विज्ञान त्याच्या ओळखीचेच आहे असे ध्यानात येईल. विहिरीवरची मोट, बैलाचे दावे, कडब्याची गंजी आणि शिडी यांत जे नियम काम करतात, तेच येथेही करतात. ते एकेक करून पाहू.

वरची कप्पी

मोट आता फारशी पाहायला मिळत नाही, पण तुमच्या आजोबांनी ती नक्की हाकली किंवा पाहिली असेल. विहिरीच्या तोंडावर लाकडी चाक, चाकावरून गेलेला जाड नाडा, नाड्याच्या एका टोकाला पाण्याने भरलेली मोट आणि दुसऱ्या टोकाला धावेवर उतरणारी बैलजोडी. चाकाने वजन कमी होत नाही, फक्त ओढण्याची दिशा बदलते. स्थिर कप्पी म्हणतात ती हीच.

नवशिक्याला भिंतीवर चढवताना हीच रचना वापरतात. दोर खालून भिंतीच्या माथ्यापर्यंत जातो, तेथील एका मजबूत आडव्या नळीवरून किंवा पोलादी कड्यांमधून वळतो आणि पुन्हा खाली येतो. एक टोक चढणाऱ्याला बांधलेले, दुसरे दोर सांभाळणाऱ्याच्या हाती. चढणारा जसजसा वर जाईल तसतसा खालचा माणूस ढिला झालेला दोर ओढून घेतो. या दोर सांभाळण्याला गिर्यारोहक ‘बिले देणे’ म्हणतात.

समजा तुमचे वस्तुमान ५० किलोग्रॅम आहे. सोयीसाठी गुरुत्व त्वरण १० धरले तर तुमचे वजन ५०० न्यूटन झाले. तुम्ही हात सोडून दोरावर लटकलात आणि वर अगदी गुळगुळीत कप्पी असली, तर तोल राखण्यासाठी दुसऱ्या बाजूलाही ५०० न्यूटन ताण हवा. मग माथ्यावरच्या आधारावर किती भार आला? दोन्ही दोर त्याला खालीच ओढत आहेत, म्हणून १००० न्यूटन, म्हणजे तुमच्या वजनाच्या दुप्पट! कप्पी टांगण्याचे आढे कप्पीने उचलायच्या वजनापेक्षा अधिक भक्कम लागते, ते याचसाठी.

येथे एक गमतीचा फरक ध्यानात घ्या. मोटेचे चाक फिरते आणि त्याच्या आसाला वंगण घालतात, कारण पाणी ओढताना घर्षण बैलांच्या विरुद्ध जाते. भिंतीच्या माथ्यावरची नळी मात्र फिरत नाही. ती मुद्दामच तशी ठेवलेली असते, कारण माणूस लटकत असताना घर्षण खालच्याच्या मदतीला येते. एकाच ठिकाणी शत्रू असलेले घर्षण दुसऱ्या ठिकाणी मित्र कसे होते, याचे हे सुंदर उदाहरण आहे. ही मदत किती, ते आता पाहू.

दोराचे वेढे

बैल बांधताना दावे खुंट्याला दोन वेढे देऊन अडकवले तर गाठ सैल असूनही बैलाला ते ओढून काढता येत नाही. बंदरात एवढे मोठे जहाज धक्क्यावरच्या खांबाला दोराचे चार वेढे देऊन एक खलाशी थोपवून धरतो. वेढ्यात ही शक्ती कोठून येते?

दोर खांबाभोवती वळला की तो खांबाला दाबतो. दाब आला की घर्षण आले. वेढ्याच्या पहिल्या छोट्या तुकड्यावर घर्षणाने थोडा ताण खाल्ला, उरलेला पुढच्या तुकड्याकडे गेला. त्याने त्यातला तेवढाच हिस्सा खाल्ला, आणि असेच पुढे. म्हणजे ताण बेरजेने कमी होत नाही, भागाकाराने कमी होतो. घर्षण गुणांक ०.३ धरला तर एका पूर्ण वेढ्यानंतर ताण सुमारे ६.६ पटीने कमी होतो, दोन वेढ्यांनंतर ४३ पटीने आणि तीन वेढ्यांनंतर २८५ पटीने! अठराव्या शतकातील थोर गणिती ऑयलर याचे नाव या नियमाला जोडलेले आहे. खांब जाड की बारीक यावर हे अवलंबून नाही, फक्त दोर एकूण किती अंशांतून वळला यावर अवलंबून आहे.

आता भिंतीकडे या. माथ्यावरच्या नळीवर दोर अर्धा वेढा घेतो. तेथे घर्षण गुणांक ०.२ मानला तर ताण १.८७ पटीने कमी होतो. तुमच्या ५०० न्यूटन वजनासाठी खालच्या बाजूला सुमारे २६७ न्यूटनच उरले. हा दोर दोर सांभाळणाऱ्याच्या कमरेच्या पट्ट्याला अडकवलेल्या एका लहानशा धातूच्या साधनातून जातो. त्या साधनात दोर वळणे घेतो. ती सारी वळणे मिळून एक पूर्ण वेढा झाला आणि तेथील गुणांक ०.३ आहे असे धरले, तर २६७ भागिले ६.६ म्हणजे सुमारे ४० न्यूटन. चार किलोग्रॅम ज्वारीची पिशवी धरायला जेवढा जोर लागतो तेवढाच! म्हणून शाळकरी मुलगीसुद्धा मोठ्या माणसाला तोलून धरू शकते. पण एक अट आहे: दोराचे मोकळे टोक हातात धरलेले हवे. हात सोडला की शेवटचे ४० न्यूटन शून्य होतात, आणि शून्याला कितीही पटींनी गुणले तरी शून्यच. मोकळ्या टोकावरचा हात कधीही काढायचा नाही, हा या खेळातील पहिला नियम आहे आणि त्याचे कारण हे असे गणिती आहे.

सिंहगड १६७० साली घेतला तेव्हा घोरपडीच्या कमरेला दोर बांधून मावळे कडा चढले, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. दोर धरणाऱ्या प्राण्याच्या नखांवर एका माणसाचे ५०० ते ६०० न्यूटन वजन यावे, हे भौतिकशास्त्राला पटण्याजोगे नाही. परंतु एखादा पटाईत गडी आधी चढून गेला आणि त्याने झाडाच्या बुंध्याला किंवा खडकाला दोराचे दोन वेढे दिले, तर त्या दोरावर कित्येक जण वर येऊ शकतात, हे मात्र वरच्या हिशेबावरून सहज पटेल.

पायांवर उभे राहा

चढायला सुरुवात केली की नवशिक्याचा पहिला ग्रह असा असतो की हा हातांच्या ताकदीचा खेळ आहे. तो हातांनी जिवाच्या आकांताने ओढतो आणि पाच मिनिटांत थकतो. शिडी चढताना आपण हातांनी लटकत चढत नाही, पायांनी चढतो. हात फक्त तोल राखतात. भिंतीवरही तसेच व्हायला हवे. ते का होत नाही, याचे उत्तर परिबलात आहे.

तुमचे पाय भिंतीवरच्या एका उंचवट्यावर टेकले आहेत आणि हात त्यांच्यापासून १५० सेंटीमीटर वर दुसरा उंचवटा धरून आहेत असे समजा. तुमचा गुरुत्वमध्य बेंबीच्या आसपास असतो. तो पायांच्या सरळ वर असता तर हातांना काहीच करावे लागले नसते. पण तो भिंतीपासून काही अंतर बाहेर असतो, म्हणून वजन तुम्हाला पायांभोवती फिरवून मागे पाडू पाहते. हे परिबल वजन गुणिले ते अंतर. हात भिंतीकडे ओढून त्याला विरोध करतात. त्यांचे परिबल ओढ गुणिले १५० सेंटीमीटर.

गुरुत्वमध्य पायांच्या टेकूपासून ३० सेंटीमीटर बाहेर असेल तर

हातांची ओढ = ५०० × ३० ÷ १५० = १०० न्यूटन.

कंबर भिंतीजवळ नेऊन हे अंतर १५ सेंटीमीटर केले तर ओढ ५० न्यूटन, म्हणजे निम्मी. आणि घाबरून, पाय दिसावेत म्हणून कंबर मागे काढून ५० सेंटीमीटर बाहेर लटकलात तर ती १६७ न्यूटन होते. माणूस तोच, भिंत तीच, वजन तेच, पण हातांवरचा भार तिपटीहून अधिक! म्हणून शिकवणारे सारखे सांगत असतात, “कंबर भिंतीला लावा, पायांवर उभे राहा.” जाणकार चढाईपटू कित्येकदा भिंतीकडे तोंड न करता एक कूस भिंतीला लावून चढतात, ते याच कारणाने. कुशीवर वळले की कंबर भिंतीला लावता येते आणि गुरुत्वमध्य भिंतीच्या अधिक जवळ जातो.

भिंत पुढे झुकलेली, म्हणजे छपरासारखी असली तर गुरुत्वमध्य पायांच्या वर आणताच येत नाही. तेथे मात्र हातांना खरोखरच भार उचलावा लागतो.

काम थोडे, दमणूक फार

आता एक कोडे. बारा मीटरची भिंत तुम्ही पाच मिनिटांत चढलात. तुम्ही केलेले कार्य ५०० गुणिले १२, म्हणजे ६००० जूल. त्याला ३०० सेकंदांनी भागले तर शक्ती आली अवघी २० वॅट. घरातल्या लहान दिव्याएवढी! मग हात एवढे का भरून येतात?

तुलनेसाठी दुसरे टोक पाहा. वेगाने चढण्याच्या शर्यतीतील भिंत १५ मीटर उंच असते. पॅरिस येथील २०२४ च्या ऑलिंपिकमध्ये पुरुषांची ही शर्यत इंडोनेशियाच्या वेद्रिक लिओनार्दो याने ४.७५ सेकंदांत जिंकली. चढणाऱ्याचे वस्तुमान ६० किलोग्रॅम धरले तर त्याची सरासरी शक्ती सुमारे १९०० वॅट येते, म्हणजे अडीच अश्वशक्ती. विहिरीवरच्या लहान पंपाइतकी शक्ती एका माणसाने पाच सेकंद दिली!

तुमची शक्ती मात्र २० वॅट. तरी तुम्ही दमता, कारण भिंतीवरचा बहुतेक वेळ चढण्यात जात नाही, धरून राहण्यात जातो. भौतिकशास्त्रात विस्थापन नसेल तर कार्य शून्य. परंतु स्नायूला हा नियम लावून चालत नाही. खुंटी सदरा कितीही वेळ धरून ठेवते, तिला ऊर्जा लागत नाही. स्नायूला मात्र ताण टिकवण्यासाठी त्याच्यातील सूक्ष्म तंतूंची पकड सारखी सोडून पुन्हा घ्यावी लागते आणि दर वेळी ऊर्जा खर्च होते. शिवाय घट्ट आवळलेला स्नायू स्वतःच्याच रक्तवाहिन्या दाबतो. प्राणवायू कमी पोचतो, टाकाऊ द्रव्ये साचतात आणि कोपरापासून मनगटापर्यंतचा हात दगडासारखा टणक होतो. बोटे दुखण्याऐवजी हा भाग का दुखतो, हे पाहायचे असेल तर डाव्या हाताने उजव्या कोपराखालचा भाग धरा आणि उजव्या हाताची बोटे मिटा-उघडा. बोटे मिटणारे मुख्य स्नायू तेथे आहेत, हे हाताला लगेच कळेल.

यावर दोन उपाय आहेत. पहिला, हात सरळ ठेवून धरणे. हात आणि खांदा यांना जोडणारी रेषा कल्पा. कोपर या रेषेपासून १५ सेंटीमीटर बाजूला गेले आणि दंडाचा स्नायू सांध्यापासून ५ सेंटीमीटर अंतरावर ओढतो असे मानले, तर तरफेच्या नियमाने स्नायूला हातावरच्या भाराच्या तिप्पट ताण द्यावा लागतो. हात सरळ केला की कोपर रेषेवर येते, परिबल जवळजवळ शून्य होते आणि भार हाडे व सांध्यांचे बंध उचलतात. दुसरा उपाय, चांगली पकड मिळाली की एकेक हात खाली सोडून झटकणे, म्हणजे रक्तप्रवाह पुन्हा सुरू होतो.

बूट, भुकटी आणि घर्षण

चढाईचे बूट घट्ट असतात आणि त्यांच्या तळाला मऊ, चिकटसर रबर असते. कोरड्या खडकावर चांगल्या रबराचा घर्षण गुणांक १ च्या आसपास जातो. याचा अर्थ काय? वस्तू उतारावर ठेवून उतार वाढवत नेला तर ज्या कोनाला ती घसरू लागते त्या कोनाची टॅन्जंट म्हणजे तिचा स्थितिक घर्षण गुणांक. गुणांक १ म्हणजे कोन ४५ अंश. इतक्या तिरक्या दगडावर तो बूट हातांच्या मदतीवाचून टिकेल.

हा प्रयोग वर्गात करता येतो. एक फळी घ्या, तिच्यावर खोडरबर, नाणे, लाकडाचा ठोकळा आणि जुन्या चपलेच्या तळाचा तुकडा ठेवा. फळी हळूहळू उचला आणि प्रत्येक वस्तू कोणत्या कोनाला घसरते ते कोनमापकाने मोजा. मग फळी ओल्या फडक्याने पुसून पुन्हा मोजा.

पाठ्यपुस्तकात आपण शिकतो की घर्षण स्पर्शाच्या क्षेत्रफळावर अवलंबून नसते. लाकूड, धातू यांना हा नियम बऱ्याच अंशी लागू पडतो. रबर मात्र मऊ असते. ते दगडाच्या खाचाखोचांत शिरते आणि दाब फार वाढला तर त्याचा गुणांक उलट कमी होतो. म्हणून गुळगुळीत तिरक्या उंचवट्यावर पाय ठेवताना टाच खाली ठेवून अधिकाधिक रबर टेकवतात. उंचवट्याला बारीक पण स्पष्ट कड असेल तर तेथे मात्र घर्षणापेक्षा कडेचा आधार महत्त्वाचा, म्हणून बोटाच्या टोकावर उभे राहतात.

चढणाऱ्याच्या पाठीशी एक लहान पिशवी असते आणि तो मधून मधून तिच्यात हात घालतो. तिच्यात मॅग्नेशियम कार्बोनेटची पांढरी भुकटी असते. फळ्यावर लिहायचा खडू हा नव्हे. तो कॅल्शियमच्या संयुगांचा असतो. कसरतपटू वापरत असलेली ही भुकटी १९५० च्या दशकात जॉन गिल या अमेरिकन चढाईपटूने प्रस्तरारोहणात आणली. गिल पुढे गणिताचे प्राध्यापक झाले. भुकटी घाम शोषून घेते आणि पकड सुधारते असे सगळेच चढाईपटू मानतात. पण प्रयोगांचे निष्कर्ष एकमुखी नाहीत. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात भुकटीमुळे बोटे आणि दगड यांतील घर्षण कमी झालेले आढळले, तर २०१२ सालच्या दुसऱ्या अभ्यासात ते वाढलेले आढळले. भुकटीचा थर पातळ असेल तर ती ओलावा टिपते. जाड झाला तर तिचे कणच निसरडे होत असतील, असा तर्क करता येतो. सगळ्यांना माहीत असलेली गोष्टसुद्धा मोजून पाहावी लागते, ती अशी.

पडणे

आता सर्वात महत्त्वाचा भाग. चढणारा कधी ना कधी पडतोच. त्याला इजा होते ती पडण्याने नव्हे, थांबण्याने. कडब्याच्या गंजीवरून तुम्ही भुशाच्या ढिगात उडी मारता तेव्हा काही होत नाही. तेवढ्याच उंचीवरून फरशीवर मारली तर पाय मोडेल. दोन्ही वेळा जमिनीजवळचा वेग सारखाच. फरक आहे तो थांबायला मिळालेल्या अंतराचा.

दोराशिवाय चढण्याच्या बुटक्या भिंतींखाली जाड गाद्या असतात. तीन मीटर पडून गादीत २५ सेंटीमीटर रुतून थांबलात, तर सरासरी थांबवणारे बल वजनाच्या १३ पट येते. गुडघे वाकवून आणखी ५० सेंटीमीटर अंतर मिळवले तर ते ५ पटींवर येते. ताठ पायांनी कठीण जमिनीवर पडून ५ सेंटीमीटरमध्ये थांबलात तर ६१ पट!

दोरावर पडणाऱ्याला हे थांबण्याचे अंतर दोराच्या ताणण्यातून मिळते. वजन व, पडण्याची उंची प, वापरात असलेल्या दोराची लांबी ल आणि दोराचा कडकपणा क मानू. क म्हणजे दोर ताणून दुप्पट लांब करण्यासाठी, तो तसाच तुटल्याशिवाय ताणला गेला असता तर, लागले असते ते बल. पडताना गेलेली स्थितिज ऊर्जा ताणलेल्या दोरात साठते, एवढे समीकरण मांडले की दोरावरचा सर्वाधिक ताण असा येतो:

ताण = व + √(व² + २ × व × क × प ÷ ल)

दहावीच्या विद्यार्थ्याने हे स्वतः काढून पाहावे. या सूत्रात एक आश्चर्य दडलेले आहे. प कोठेही एकटा येत नाही, तो प ÷ ल असाच येतो. म्हणजे ४ मीटर दोरावर २ मीटर पडणे आणि २० मीटर दोरावर १० मीटर पडणे यांत दोराला बसणारा हिसका सारखाच! पडण्याची उंची वाढली की ती शोषणारा दोरही तितकाच वाढलेला असतो. या गुणोत्तराला पतनांक म्हणू.

चढाईच्या दोरासाठी क सुमारे २४००० न्यूटन धरता येईल. वजन पुन्हा ५०० न्यूटन. पतनांक ०.५ असेल तर ताण ४००० न्यूटन, वजनाच्या आठपट. डोंगरावर आघाडीचा माणूस आधाराच्या २ मीटर वर गेला आणि मध्ये दोर कोठेही न अडकवता पडला, तर तो ४ मीटर पडतो आणि दोर असतो २ मीटर. पतनांक २. ताण सुमारे ७४५० न्यूटन, वजनाच्या पंधरापट. छपराखालच्या भिंतीवर वरून दोर लावलेला असतो. तुम्ही माथ्याजवळ आहात, साडेबारा मीटर दोर आहे आणि खालच्याने अर्धा मीटर ढिलाई ठेवली आहे. पतनांक ०.०४, ताण १६०० न्यूटन. आणि ढिलाई अजिबात नसेल तर? सूत्रात प शून्य घाला. ताण येतो १००० न्यूटन. दोर ताठ असतानाही एकदम भार टाकला तर हिसका वजनाच्या दुप्पट बसतो! माथ्यावरचे घर्षण, दोरात उष्णतेच्या रूपाने जाणारी ऊर्जा, खालच्या माणसाचे थोडे उचलले जाणे, यांमुळे प्रत्यक्षात आकडे काहीसे कमी येतात, पण त्यांचा क्रम असाच राहतो.

आता क दसपट असलेला, म्हणजे जवळजवळ न ताणणारा दोर घ्या. पतनांक तोच ०.५. ताण येतो सुमारे ११५०० न्यूटन, वजनाच्या तेवीसपट! दोर तुटला नाही तरी माणूस तुटेल.

पूर्वीचे गिर्यारोहक वाखाचे दोर वापरत आणि आघाडीच्या माणसाने पडायचेच नाही, असा दंडक होता. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात नायलॉनचे दोर आले. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेतील आर्नोल्ड वेक्सलर यांनी १९५० साली दोर सांभाळण्याचे गणित प्रसिद्ध केले. १९५३ साली जर्मनीतील एडेलरिड या कंपनीने आतील ताणले जाणारे धागे आणि बाहेरील विणलेले आवरण अशी रचना असलेला दोर काढला. आजचे चढाईचे दोर याच वंशातले आहेत. आंतरराष्ट्रीय गिर्यारोहण महासंघाच्या कसोटीत ८० किलोग्रॅमचे वजन सुमारे १.७७ पतनांकाने पाडतात आणि पहिल्या पतनात ताण १२००० न्यूटनपेक्षा अधिक जाता कामा नये असा नियम आहे. ही कसोटी दोर किती मजबूत आहे याची जितकी आहे तितकीच तो किती मऊपणे थांबवतो याचीही आहे.

कमरेला बांधलेला दोर

एवढे वाचून तुम्ही म्हणाल, भिंत तर आमच्या गावात नाही, मग याचा उपयोग काय? उपयोग आहे, आणि तो विहिरीपाशी आहे.

माणदेशात उन्हाळ्यात विहिरी आटतात. गाळ काढायला, पडलेली बादली किंवा पंपाचा भाग काढायला माणसे कमरेला दोर बांधून उतरतात. “हा दोर दोन पोती उचलतो, माणसाला काय होतंय?” असे म्हटले जाते. या वाक्यातील चूक आता तुम्हाला दाखवता येईल. पोती उचलताना दोरावर त्यांचे वजन असते. पडणाऱ्या माणसाला धरताना वजनाच्या आठपट, पंधरापट किंवा त्याहून अधिक ताण असतो. वजन धरणारा दोर पडणे धरेलच असे नाही.

त्यातून तो दोर न ताणणारा असेल तर हिसका आणखी मोठा. प्लॅस्टिकचे रंगीत दोर उन्हाने ठिसूळ होतात. मातीचे टोकदार कण आत शिरून धागे कापतात. गाठ मारली की गाठीपाशी दोराची ताकद चतुर्थांशाने किंवा त्याहून अधिक घटते. विहिरीच्या दगडी कडेवरून दोर तीक्ष्ण वळण घेतो तेथे तो प्रथम तुटतो.

आणि दोर टिकला तरी कंबरेचे काय? पोहायला शिकताना कमरेला दोर बांधतात, तेथे पाण्याचे उत्प्लावक बल जवळजवळ सगळे वजन उचलते, दोर फक्त ओढून घ्यायला असतो. कोरड्या विहिरीत सगळा भार त्या एका बोटभर रुंदीच्या पट्टीवर येतो. तो बरगड्यांकडे सरकतो, श्वासपटलाला दाबतो आणि लटकलेल्या माणसाला काही मिनिटांतच श्वास घेणे कठीण होते. चढाईच्या पट्ट्यांत हा भार कंबर आणि दोन्ही मांड्या यांच्यावर रुंद पट्ट्यांनी वाटलेला असतो, आणि दोराची गाठ गुरुत्वमध्याच्या थोडी वर येते, त्यामुळे माणूस आडवा किंवा उलटा न होता बसल्यासारखा लटकतो. खोल विहिरीत प्राणवायू कमी असण्याचा धोका वेगळाच. तेथे दोर कितीही चांगला असला तरी उपयोग नाही.

शिक्षकांनी विद्यार्थ्यांना साहस शिबिरात नेताना चार गोष्टी स्वतः पाहाव्यात: दोर चढाईसाठीच बनवलेला आहे का, तो कमरेला नव्हे, पट्ट्यांना आठाच्या गाठीने बांधला आहे का, चढण्यापूर्वी चढणारा आणि दोर सांभाळणारा एकमेकांच्या गाठी व कडी तपासतात का, आणि मोकळ्या टोकावर हात सतत आहे का. या चारही प्रश्नांची कारणे वर आलेल्या सूत्रांत आहेत.

करून पाहा

१. एका गोल दांड्यावरून सुतळी टाकून एका टोकाला एक किलोग्रॅमचे वजन आणि दुसऱ्याला ताणकाटा लावा. अर्धा वेढा, दीड वेढा आणि अडीच वेढे देऊन वजन सावकाश खाली सोडताना काट्याचे वाचन घ्या. लागोपाठच्या दोन वाचनांचा भागाकार सारखा येतो का?

२. एक मीटर सुतळी आणि एक मीटर रबरी दोरी घ्या. दोन्हींना सारखेच लहान वजन बांधून ते अर्धा मीटर उचलून सोडा. वरचे टोक ताणकाट्याला अडकवा आणि काटा क्षणभर कोठपर्यंत जातो ते पाहा.

३. विचार करा: ताण वजनाच्या किती पट, हे काढताना हलक्या माणसाचे उत्तर मोठे येते की जड माणसाचे? वरील सूत्रात व च्या जागी ३०० आणि ८०० घालून पाहा. उत्तर पुष्कळांना अनपेक्षित वाटेल.